अलॉय व्हीलला पावडर कोटिंग करताय? या चुका टाळा

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पावडर चाकावर मारून ती भट्टीत तापवून पक्की करणं. रंगांच्या नमुन्यांचं शेड कार्ड हातात आलं की सगळं लक्ष रंगावर जातं. पण वर्षभरात कोटिंग फुगतं किंवा सुटतं तेव्हा दोष बहुधा पावडर पडण्याआधीच्या कामाचा असतो. म्हणून रंग शेवटी ठरवा. आधी चाकाची तयारी कशी करणार, ते विचारा.

पापुद्रे सुटत असतील तर जुना पेंट किंवा क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) पूर्ण निघालेला नसतो. तो केमिकलने काढायचा आणि मग ब्लास्टिंग (बारीक कणांचा जोरदार मारा करून पृष्ठभाग साफ करणं) करायचं. त्यासाठी स्टीलचे छर्रे नकोत. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि ओल लागली की कोटिंगखाली गंजणं तिथूनच सुरू होतं. ब्लास्टिंग झालेल्या चाकाला उघडा हात लावू नये, बोटांचा तेलकटपणाही पावडरची पकड घालवतो. चिरा आणि वाकलेली रिम याच टप्प्यावर तपासा. नंतर चीर कोटिंगखाली झाकली जाते, आणि हे फार धोक्याचं आहे.

टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर कारण वेगळं. ओतीव चाकात सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यात अडकलेली हवा व तेल भट्टीत बाहेर पडतं. पावडर मारण्याआधी चाक एकदा रिकामं तापवून घेतलं तर हा त्रास बराच कमी होतो.

तापमानाबद्दल मात्र आग्रही राहा. नेहमीची पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटांत पक्की होते. बऱ्याच ओतीव चाकांची मजबुती कारखान्यात १५० ते १७० अंशांच्या आसपास तासन्‌तास तापवून आणलेली असते. त्यामुळे भट्टी जास्त तापली, चाक आत जास्त वेळ राहिलं किंवा हौसेने रंग वारंवार बदलला, तर धातू मऊ पडू शकतो. कमी तापमानाला पक्की होणारी पावडर मिळत असेल तर तीच घ्या.

सगळ्यात गंभीर चूक म्हणजे नट बसण्याच्या जागेवर आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणाऱ्या पृष्ठभागावर पावडर राहू देणं. एक थर ६० ते ८० मायक्रॉनचा, वर क्लिअर कोट आला की आणखी जाड. नट आवळल्यावर हा थर हळूहळू दबतो आणि आवळ ढिला पडतो. या जागांचं मास्किंग (पावडर बसू नये म्हणून झाकणं) झालंय का, ते स्वतः पाहा. चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) नट पुन्हा तपासा.

आता फिनिश. रोज चालणाऱ्या गाडीला मी सॅटिन (मंद चमक) किंवा ग्लॉस (पूर्ण चमक) हेच सुचवेन. मॅटवर (बिनचमकीच्या फिनिशवर) ब्रेकची काळी धूळ चिकटते आणि ओरखडा पॉलिशने काढता येत नाही, कारण पॉलिश केलं की तेवढाच भाग चमकू लागतो. कँडी रंगात (चमकदार थरावर दिलेला पारदर्शक रंग) थराच्या जाडीप्रमाणे छटा बदलते, म्हणून चारही चाकं एकाच वेळी, एकाच बॅचमधून करून घ्या. क्रोमसारखी दिसणारी पावडर क्लिअर कोट दिल्यावर थोडी मंदावते; नमुना बघायचा तो क्लिअर कोटसकटच. वरच्या थराला पॉलिएस्टर पावडर हवी. एपॉक्सी पावडर प्रायमर (खालचा पहिला थर) म्हणून उत्तम, पण उन्हात तिच्यावर खडूसारखी पांढरट भुकटी येते.

धुताना सौम्य शाम्पू पुरे, ॲसिडचा व्हील क्लीनर कोटिंगची चमक मारतो.