गस्तीची नौका बंद आहे, हे छापायचं कसं?

मी श्रीवर्धन तालुक्यात वार्ताहर आहे. आमच्या किनाऱ्याला सुरक्षा हा शब्द नवा नाही. १९९३च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबई हादरली. पुढे खटल्यात पोलीस आणि कस्टम्सची माणसंही दोषी ठरली. म्हणजे तेव्हा गुपित कुणा बातमीदाराने फोडलं नव्हतं, वाट आतूनच मोकळी करून दिली गेली होती. ‘राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे’ असं सांगून कुणी फाइल मिटवली की मला हे आठवतं. त्याचबरोबर मला माझी स्वतःची एक बातमीही आठवते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका जेट्टीवर रात्री पहारा नसतो अशी बातमी दिली. जेट्टीचं नाव, पहारेकरी किती वाजता घरी जातो, रिकाम्या चौकीचा फोटो, सगळं होतं. अक्षर न् अक्षर खरं. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या नाखव्याने मला बंदरावर थांबवलं. म्हणाला, “ताय, बातमी खरी हाय. पन आता ही जेट्टी कवा मोकली असते, ते समद्यांना कललं.” तो सागर रक्षक दलात, म्हणजे किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या गावकऱ्यांच्या दलात होता, रात्री टॉर्च घेऊन फिरणारा. त्या आठवड्यात तो आणि त्याची पोरं जास्त जागली. ती बातमी मी आज वेगळ्या तऱ्हेने लिहीन. कशी, तेच नव्या मुलांसाठी सांगते.

बातमी लिहून झाली की प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे वाचून उद्या रात्री कुणाला काही करता येईल का? करता येत असेल तर त्या वाक्यातली जागा, वेळ आणि माणूस काढा. पहारा कुठे नाही, गस्त किती वाजता संपते, खबर कुणी दिली, हे वाचकाला कळलं नाही म्हणून त्याचं काही अडत नाही. झालेला खर्च, झालेला उशीर, झालेली चूक मात्र अजिबात काढू नका. ‘जिल्ह्यातल्या गस्ती नौकांपैकी किती नौका वर्षभरात किती दिवस दुरुस्तीला होत्या आणि देखभालीवर किती पैसे गेले’ हे छापल्याने कुठल्याही घुसखोराला वाट सापडत नाही. आमदाराला मात्र विधानसभेत प्रश्न सापडतो. माझ्या जुन्या बातमीत हे काहीच नव्हतं. कंत्राट कुणाचं, पगार कधीपासून थकला, भरती का झाली नाही, यातलं एकही वाक्य नव्हतं. होती ती फक्त चौकी आणि घड्याळ.

चालू असलेली उणीव सापडली तर छापण्याआधी लेखी कळवा. तोंडी नको. मी संबंधित अधिकाऱ्याला एक पानाचं पत्र देते, पोच घेते आणि आठ दिवस थांबते. आठ दिवसांत पहारा बसला तर मी जागेसकट लिहिते, कारण भोक बुजलेलं असतं. नाही बसला तर नवव्या दिवशी जागा न सांगता लिहिते आणि पत्र दिल्याची तारीख बातमीत घालते. पण बातमीचा मजकूर छापण्याआधी कार्यालयात वाचायला देऊ नका, कितीही गोड बोलून मागितला तरी. माझा अनुभव असा की धोक्याची ओळ सांगा म्हटलं की एकही सांगत नाहीत, आणि अडचणीच्या ओळी मात्र दहा निघतात.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. आपल्या राज्यात जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा. ही मर्यादा मला पूर्वी जाचायची, पण तिनेच नेमकं विचारायला शिकवलं. ‘किनारी सुरक्षेची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत की नकार तुम्हीच लिहून दिलात. त्याऐवजी असं लिहा: ‘मागील तीन आर्थिक वर्षांत गस्ती नौकांच्या दुरुस्तीवर झालेला वर्षनिहाय खर्च, दुरुस्तीच्या कामांच्या आदेशांच्या प्रती आणि प्रत्येक नौका दुरुस्तीसाठी बंद असलेल्या दिवसांची संख्या. नौकांच्या तैनातीची ठिकाणं व गस्तीच्या वेळा मला नकोत.’ शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं. तुम्ही आपणहून रेषा आखलेली असते, मग समोरच्याला सगळ्यावर पडदा टाकणं अवघड जातं.

तरीही नकार येईल. तीस दिवसांच्या आत एका ओळीचं पत्र: ‘कलम ८(१)(क) अन्वये माहिती देता येत नाही.’ हे माहिती अधिकार कायद्यातलं देशाच्या सुरक्षेचं कलम. इथे बहुतेक जण थांबतात. थांबू नका, पत्र नीट वाचा. नकार देताना कारणं आणि अपिलाची मुदत कळवणं कलम ७(८) प्रमाणे बंधनकारक आहे. नुसता कलमाचा आकडा म्हणजे कारण नव्हे. माहिती उघड झाल्याने देशाच्या सुरक्षेला बाध कसा येईल, ते त्यांनी सांगायचं असतं, आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे त्यांचीच असते. प्रथम अपील तीस दिवसांत, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे नव्वद दिवसांत करायचं असतं. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

अपिलात मी दोन कलमं कधीच सोडत नाही. पहिलं कलम १०: कागदाचा एखादा भाग गोपनीय असेल तर तो वगळून उरलेला द्यायचा. दुसरं कलम ८(२): जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर कलम ८च्या अपवादांतली माहितीही देता येते, आणि तिथे १९२३चा शासकीय गुपिते कायदाही आड येत नाही. तो कायदा आणि माहिती अधिकार यांच्यात विसंगती आली तर कलम २२ प्रमाणे माहिती अधिकार वरचढ ठरतो. ५ एप्रिल २०२३ला एका मल्याळम वृत्तवाहिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून करता येत नाही, त्याला आधार लागतो. हा निकाल परवान्याबद्दलचा होता, माहिती अधिकाराबद्दलचा नव्हता. अपिलात तसं स्पष्ट लिहूनच तो जोडा. अर्धवट दाखला दिलात तर पुढच्या वेळी तुमचा खराही कुणी ऐकणार नाही.

गुप्तवार्ता संस्थांचं प्रकरण वेगळं. कलम २४ प्रमाणे त्यांना सूट असते, पण भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती त्या सुटीत येत नाही. शेखाडीच्या गावात राहून मला वाटतं, या कायद्यातला सर्वांत शहाणा अपवाद हाच.

कुणी गोपनीय शिक्क्याचा कागद आणून हातात ठेवला तर? १९२३च्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे देणाऱ्याबरोबर जाणूनबुजून घेणाराही अडकू शकतो. राफेल विमानखरेदी प्रकरणात १० एप्रिल २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रात छापलेले कागद विचारात घेतले हे खरं, पण त्या वृत्तपत्रामागे वकिलांची फौज होती. तालुक्याच्या वार्ताहरामागे ती नसते. म्हणून मी कागद वाचून त्यातली तथ्यं दुसऱ्या वाटेने मिळवते: निविदा, लेखापरीक्षण, विधानसभेतली उत्तरं. कागद खिशात घालण्याआधी संपादकांना आणि वकिलांना फोन करते. आणि चित्रीकरणावरून कुणी याच कायद्याचा धाक घातला तर हे लक्षात ठेवा: पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये म्हटलं आहे. नौदलाच्या तळाला हे लागू नाही, तिथे कॅमेरा काढूच नका.

प्रत्यक्ष घटना चालू असते तेव्हा मात्र हे सगळे हक्क मी बाजूला ठेवते. २६/११ला वाहिन्यांचं थेट चित्रण सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार पाहत होते, आणि ऑगस्ट २०१२च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नाराजी नोंदवली. २०१५पासून केबल टीव्हीच्या नियमांत दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला मनाई आहे, कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने दिलेली माहितीच दाखवायची. आम्ही छापणारे असलो तरी आमच्याही हातात फोन असतो. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ तीन एके-४७ असलेली बेवारस बोट सापडली तेव्हा मी नाकाबंदीचा एकही फोटो कुठे टाकला नाही. त्याच दिवशी गृहमंत्र्यांनी विधानसभेत बोट कुणाची, ती कशी भरकटली हे सांगितलं आणि गावातल्या अफवा संध्याकाळपर्यंत बसल्या. सरकारने लवकर बोलावं हे मी इतक्या हट्टाने मागते ते अशा संध्याकाळी पाहिल्यामुळे.

घटना संपली की मात्र प्रश्न विचारायला उशीर करू नका. २६/११नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीचा अहवाल डिसेंबर २००९मध्ये विधिमंडळासमोर आला. पोलिसांच्या गोळीबाराच्या सरावातली आणि दारूगोळ्यातली तूट त्यात लिहिलेली होती. ती तूट आपल्या जिल्ह्यात भरली का, हा प्रश्न त्या दिवसापासून कुठल्याही वार्ताहराला विचारता येत होता.

नौकांच्या अर्जाला मला उत्तर मिळालं ते दुसऱ्या अपिलानंतर. तक्त्यातला ठिकाणांचा रकाना काळ्या शाईने भरलेला होता, बंद दिवसांचा आणि खर्चाचा रकाना उघडा होता. मी तो कागद काळ्या रकान्यासकट छापला आणि अंकाची एक प्रत बंदरावर त्या नाखव्याला नेऊन दिली. त्याने आधी काळा रकाना पाहिला, मग चष्मा लावून बाकीचं वाचायला बसला.