मिरचीची पानं वळली की फवारा उचलण्याआधी काय बघावं

मिरचीचं पान वाकडं झालं की घरोघरी एकच निदान होतं, "रोग लागला." मग दुकानदार देईल ती बाटली येते, फवारली जाते, आणि पंधरा दिवसांनी झाड होतं त्याहून केविलवाणं दिसतं. पान वर वळलंय की खाली, हे न बघताच औषध निवडलं की असं होतं. फुलकिड्यांचं (थ्रिप्स) औषध कोळी (माइट) या सूक्ष्म किडीवर चालेलच असं नाही आणि विषाणूवर तर कुठलंच चालत नाही. गोव्यातल्या घराच्या बाल्कांवातल्या, म्हणजे पुढच्या ओट्यावरच्या, चार कुंड्या असोत की काणकोणच्या परसातला, खोल गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिरचीचा वाफा, तपासायची रीत एकच.

लागतं ते थोडंच: दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कागद, काचेचा पेला आणि धारदार सुरी. तपासणी सकाळी ऊन चढण्याआधी करा. दुपारच्या उन्हात निरोगी झाडही मान टाकतं.

आधी ठरवा: जुनं पान की नवं

किडीच्या मागे लागण्याआधी पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा. नत्र, मॅग्नेशियम, पालाश कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला पुरवतं, म्हणून खालची पानं आधी बिघडतात. लोह आणि कॅल्शियम असं हलवता येत नाही, त्यामुळे त्यांची कमतरता शेंड्यावर दिसते.

खालचं पान सगळंच फिकट पिवळं असेल तर नत्र कमी आहे. बारा इंची कुंडीला दोन मुठी कुजलेलं शेणखत घाला. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. गोव्यात हे पावसाळ्याअखेरीस फार दिसतं, कारण आपली जांभ्याची माती आम्लधर्मी आणि चार महिन्यांच्या पावसात त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन जातं. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पिवळी झालेली पानं पूर्ववत होतीलच असं नाही. नवी हिरवी येतात का, ते बघायचं.

हिरव्या शिरांचा पिवळेपणा कोवळ्या पानांवर असेल तर लोह झाडाला मिळत नाही. लाल मातीत लोहाला तोटा नसतो, म्हणून अशा वेळी चुलीची राख किंवा चुना जास्त पडलाय का ते आठवा. "राख चांगली" म्हणत दर आठवड्याला ओंजळभर ओतणाऱ्यांच्या कुंड्यांत हे हमखास होतं.

मग वळण

कडा वर उचलून पान होडीसारखं झालं, खालून चंदेरी-तपकिरी ओरखडे दिसले, तर फुलकिडे. कोरड्या, उन्हाळी दिवसांत ते वाढतात. खात्रीसाठी शेंडा पांढऱ्या कागदावर धरून तीन-चार टिचक्या मारा. जेमतेम एक मिलिमीटरची, बारीक रेघेसारखी पिवळसर किंवा काळपट पोरं पळताना दिसतील. धुळीचा कण पळत नाही.

कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखं झालं, अरुंद आणि गडद झालं, देठ लांबला, तर कोळी. हा साध्या डोळ्यांना दिसत नाही. कोवळ्या पानाची पाठ भिंगाखाली धरून बघा, हलणारे फिकट ठिपके हेच ते. एकाच झाडावर दोन्ही किडी असल्या तर पानं वर-खाली दोन्हीकडे चुरगळतात. बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात तो बऱ्याचदा हाच.

तिसरा प्रकार विषाणूचा. पानं इवलीशी, शिरा जाड, पेरं आखूड होऊन झाड झुडपासारखं गच्च होतं, फूल धरत नाही. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. झाड हलवलं की पिठाचे कण उडाल्यासारख्या माश्या उठतात. यावर इलाज नाही. झाड पिशवीत घालून मुळासकट उपटा, नाहीतर उपटताना माश्या शेजारच्या कुंडीवर जाऊन बसतील. पाच झाडांत एक गेलेलं परवडतं.

चिकट पानं, काळा थर आणि मुंग्यांची रांग दिसली तर मावा किंवा पिठ्या ढेकूण. मुंग्या गोड चिकट्यासाठी येतात आणि किडीची राखणही करतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करा.

झाड अचानक कोमेजलं तर

पानं हिरवी असतानाच झाड लोळलं आणि माती ओली असली, तर पाणी घालू नका. खोडाचा बोटभर तुकडा तिरपा कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा टांगा, कापलेलं टोक पाण्यात राहील असा. न हलवता पाच-दहा मिनिटं बघा. टोकातून दुधासारखी धार खाली उतरली तर जिवाणूजन्य मर. झाड मुळासकट, आजूबाजूच्या मातीसह काढा, सुरी उकळत्या पाण्यात बुडवा. त्या जागी मिरची, वांगी, टोमॅटो पुन्हा लावू नका. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, अळसांदे (चवळी) टाका. धार आली नाही तर मुळं बघा. काळी, मऊ, वास येणारी असतील तर कुंडीच्या तळाचं भोक बुजलंय. तळाशी नारळाचं सोडण घालून निचरा होतो हा समज अर्धाच खरा, भोकच बंद असेल तर सोडणही काही करत नाही.

फवारणी

फुलकिडे, मावा आणि पांढऱ्या माशीवर 50 ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या पाठीवर फवारा. वरून ओतलेलं वाया जातं, किडी खाली बसलेल्या असतात. दर पाच-सात दिवसांनी तीनदा करा, कारण अंडी एकदाच्या फवारणीत मरत नाहीत. आधी एका फांदीवर लावून दोन दिवस थांबा.

कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. एप्रिल-मेच्या कडक उन्हात नको, पानं भाजतात. तेलाच्या फवारणीनंतर निदान दोन आठवडे गंधक टाळा. कोळी असताना "जोरदार" म्हणून पायरेथ्रॉइड गटाचं रासायनिक कीटकनाशक मारणं ही सर्वांत मोठी चूक. कोळी खाणाऱ्या मित्रकिडी मरतात आणि कोळी दुपटीने फोफावतो.

गोल डागाच्या मध्ये राखाडी ठिपका आणि कडेला गडद वलय असेल तर ती बुरशी. डागाळलेली पानं तोडून जाळा आणि पाणी पानांवर नाही, बुंध्याशी घाला.