नको असलेल्या मेलचा बंदोबस्त: माझा अनुभव

यवतमाळकडच्या आमच्या गावात रेंज येते-जाते. त्यात जाहिरातींच्या गर्दीत पीक विम्याची पावती शोधायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. बियाणं, ठिबकच्या नळ्या घेताना जिथे मी स्वतः पत्ता दिला होता, त्यांच्या मेलवर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारचं ‘अनसबस्क्राइब’ दाबलं. जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातींसाठी ही एका क्लिकची सोय २०२४ पासून सक्तीची आहे. ते मेल खरंच थांबले.

‘तुम्हाला ट्रॅक्टर लागला’ असल्या मेलमधल्या लिंकला मात्र हात लावू नका, अगदी ‘अनसबस्क्राइब’ लिहिलेलं असलं तरी! पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं अन् मग आणखी मेल येतात. मी ते सरळ स्पॅममध्ये टाकतो; ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात.