बोटीतला जीपीएस फिशफाइंडरला कसा जोडायचा

उजनीत मामांची बोट आहे, तिच्यात जीपीएस पण आहे आणि फिशफाइंडर पण, दोन्ही सुटे सुटे, म्हणजे एकाला जागा कळते, दुसऱ्याला खोली कळते, पण कुठल्या जागी पाणी किती ते एका स्क्रीनवर दिसत नाही. आणि उजनीत नेमकं तेच लागतं, जुनी गावं पाण्याखाली गेलीत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, तिथून बोट काढताना अंदाजावर भागत नाही. म्हणून सोलापूरहून हत्यारं घेऊन गेलो आणि जोडून दिलं, कसं ते सांगतो.

आधी सप्लाय. दोन्ही युनिटला थेट १२ व्होल्ट बॅटरीवरून वायर घ्या, प्रत्येकाला वेगळा फ्यूज, किती अँपिअरचा ते मॅन्युअलमध्ये असतं. स्टार्टरच्या वायरीतून घेतलं की सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं आणि जीपीएस बंद होऊन परत चालू होतो.

आता डेटाच्या वायरी, खरी गडबड इथंच होते. जुन्या आणि मध्यम युनिटमध्ये एनएमईए ०१८३ असतं, म्हणजे बोटीतल्या उपकरणांनी एकमेकांना डेटा द्यायची ठरलेली पद्धत, त्यात एक बोलणारा आणि ऐकणारे एकाहून जास्त चालतात, पण एका वायरीवर दोन बोलणारे चालत नाहीत, त्याला मल्टिप्लेक्सर, म्हणजे अनेकांचा डेटा एका वायरीवर आणणारा डबा, लागतो. जीपीएसचा टीएक्स (डेटा पाठवणारी वायर) फिशफाइंडरच्या आरएक्सला (डेटा घेणारी वायर) जातो, टीएक्स-टीएक्स जोडलं तर काहीच येणार नाही. गार्मिनच्या बऱ्याच युनिटला निळी टीएक्स आणि तपकिरी आरएक्स असते, पण रंगावर विसंबू नका, मॅन्युअलचा डायग्राम बघाच, मी रंग बघून जोडलं आणि अख्खी दुपार गेली. फिशफाइंडरला आरएक्स प्लस आणि मायनस अशा दोन वायरी असतील आणि जीपीएसला टीएक्स एकच, तर मायनस जीपीएसच्या ग्राउंडला लावा. उलट असेल, म्हणजे जीपीएसला टीएक्स मायनस पण आहे आणि समोर आरएक्स एकच, तर ती मायनस ग्राउंडला अजिबात लावू नका, टोकाला टेप मारून मोकळी सोडा आणि दोन्ही युनिटचं ग्राउंड मात्र एक करा.

मग सेटिंग. जीपीएसच्या इंटरफेसमध्ये एनएमईए आउटपुट चालू करा, ते बंद असलं तर वायरिंग बरोबर असून पण काही जात नाही. डेटाचा स्पीड (बॉड रेट) दोन्हीकडे ४८००, फक्त एआयएस, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा दाखवणारं यंत्र, असेल तर ३८४००. तरी पोझिशन येत नसेल तर मल्टिमीटर डीसीवर ठेवून टीएक्स आणि ग्राउंडमध्ये लावा, डेटा जात असला की आकडा थरथरतो, थरथरत नसेल तर दोष जीपीएसकडे किंवा त्याच्या सेटिंगमध्ये.

नवीन युनिट एनएमईए २००० चं, म्हणजे याच्या नव्या पद्धतीचं, असेल तर काम सोपं, एक मेन केबल, तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रेझिस्टर), सप्लाय बंद करून डेटाच्या दोन वायरींमध्ये मोजलं तर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं म्हणजे एक टर्मिनेटर नाही.

जॉइंटला सोल्डर आणि हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) कराच, नुसतं पीळ देऊन टेप मारलेलं पाण्यावर टिकत नाही. समुद्रावर जाणाऱ्यांनी हीच टीएक्स वायर डीएससी (बटण दाबून संकटाचा डिजिटल कॉल करायची सोय) असलेल्या व्हीएचएफ रेडिओला पण द्या, एमएमएसआय नंबर, म्हणजे बोटीचा रेडिओ ओळख नंबर, भरलेला असला तर संकटाच्या कॉलबरोबर बोटीची जागा आपोआप जाते.

शेवटी वेग नॉटमध्ये दिसेल, १ नॉट म्हणजे १.८५२ किमी ताशी, आणि घड्याळ साडेपाच तास मागे असेल कारण वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) येते, हे दोन्ही फिशफाइंडरच्या सेटिंगमध्ये बदलून घ्या.