पुण्यातून कोकणात बीच व्हॉलीबॉल टूर्नामेंट भरवायचीय? मग आधी पंचांग काढा

दिवाळी झाली की सोसायटीच्या नाहीतर ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "यंदा बीचवर टूर्नामेंट करू या का?" लगेच पन्नास अंगठे येतात आणि मग तारखेवरून चर्चा सुरू होते, कोणाला कुठला वीकेंड जमतोय, कोणाची रिलीज आहे, कोणाच्या मुलाची परीक्षा आहे वगैरे. हे सगळं उलट्या बाजूनं चाललंय. समुद्रावर खेळायचं असेल तर तारीख तुम्ही ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते, आणि ती तुमच्या रिलीजसाठी थांबत नाही. आधी पाणी कधी खाली असणार ते बघा, मग उरलेलं सगळं त्याच्याभोवती बसवा.

कोकणातले जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात, हिशोब एकदम सोपाय. तिथीच्या आकड्याला 3 नं गुणा आणि 4 नं भागा, येईल तो भरतीचा अंदाजे टाइम, सकाळचाही आणि रात्रीचाही. म्हणजे चतुर्थीला 3 च्या सुमारास, अष्टमीला 6 च्या सुमारास आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज हे वेळापत्रक साधारण 45 ते 50 मिनिटं पुढे सरकतं. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून एक-दोन मोजायला लागायचं.

आता हे आपल्या कामाला कसं येतं ते बघा. अष्टमीच्या वीकेंडला गेलात तर भरती सकाळी 6 ला आणि संध्याकाळी 6 ला, ओहोटी भर दुपारी 12 ला. म्हणजे किनारा मोकळा असतो तेव्हा वाळूवर पाय ठेववत नाही, आणि ऊन उतरून खेळावंसं वाटतं तेव्हा कोर्टात पाणी. याउलट पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे पहिले दोन दिवस घ्या. भरती दुपारी 1 च्या आसपास, म्हणजे तुम्ही जेवून आडवे झालेले असताना (आपल्याला 1 ते 4 बंद ठेवायची सवय आहेच), आणि ओहोटी सकाळी 7 आणि संध्याकाळी 7 च्या जवळपास. सकाळचं सेशन मोकळं, संध्याकाळचंही मोकळं. म्हणून शनिवारी प्रतिपदा आणि रविवारी द्वितीया असा वीकेंड मिळाला तर डोळे झाकून पकडा. चतुर्दशी-पौर्णिमाही चालते. अर्थात हा अंदाज झाला, पक्की वेळ टाइड टेबलमध्ये बघायचीच आणि तिथे पोचल्यावर एखाद्या कोळी दादांना विचारायची, ते आकाशाकडेही न बघता सांगतात.

पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीला नेहमीपेक्षा लांब जातं. पुण्याहून जाणाऱ्यांना फक्त दुसरा भाग दिसतो. पहिला भाग पुढे कोर्ट आखताना येईलच.

महिना म्हणाल तर माझं मत पौष नाहीतर माघ. हवा बरी असते, आणि पौषात लग्नाचे मुहूर्त नसल्यामुळे "अरे मावसबहिणीचं लग्न आलं रे" हा प्रकार आपोआप बंद होतो. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी विसरा, रूम मिळत नाही आणि मिळाली तर तिचा भाव ऐकून व्हॉलीबॉल नको वाटतो. फाल्गुन पौर्णिमाही नको, कोकणात शिमगा असतो, अख्खं गाव पालखीत असतं, तुमच्या जेवणाकडे कोण बघणार.

जागा. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे दिवेआगर हे पहिल्या टूर्नामेंटसाठी मला सगळ्यात सोयीचं वाटतं, किनारा लांब, सपाट, मागे सुरूचं बन आणि गावात घरगुती राहायची-जेवायची सोय भरपूर. दापोलीकडे मुरूड-कर्देही मस्त आहे पण रस्ता लांबतो आणि एका वीकेंडमध्ये बसवताना दमछाक होते. हरिहरेश्वर देवदर्शनाला ठीक, खेळायला नाही, खडक आहेत आणि पाणी धोक्याचं आहे. अलिबाग-काशीदला रविवारी एवढी गर्दी असते की तुमच्या सर्व्हिसला घोडागाडी आडवी येईल.

परवानगीचं सगळ्यांना वाटतं की चार पोरं बॉल घेऊन खेळणार, त्याला कशाला कागद. चार पोरांना नाही लागत. पन्नास माणसं, नेट, स्पीकर आणि बॅनर म्हटलं की लागतो. ग्रामपंचायतीला महिनाभर आधी साधा अर्ज द्या, त्यात तारीख, वेळ, माणसं किती, किनाऱ्याचा कुठला भाग, कचरा आम्ही उचलणार असं स्पष्ट लिहा, त्यांनाच विचारा की मेरीटाइम बोर्डाचा आणि तहसीलचा कागद लागेल का, आणि स्पीकर लावणार असाल तर पोलीस स्टेशनला अर्ज वेगळा. खरं सांगायचं तर स्पीकर नकोच, एक शिट्टी आणि एक मोठ्या आवाजाचा माणूस पुरतो, तो प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. गाडी वाळूवर उतरवायची नाही, नियमातही बसत नाही आणि रुतली की भरती यायच्या आत ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. आणि थंडी ते उन्हाळा हा या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा काळ असतो, त्यामुळे घरट्यांभोवती जाळी लावलेली दिसली तर तिथून लांब आणि रात्री किनाऱ्यावर लाइट पाडून मॅचेस अजिबात नाहीत.

गावातल्या पोरांची एक टीम फुकट एंट्री देऊन घ्याच. जागा, बांबू, दोरी, डॉक्टर, सगळं ते एका फोनवर उभं करतात. तुम्हाला हरवतील ही गोष्ट वेगळी.

आता सामान. ऑफिशियल कोर्ट 16 बाय 8 मीटर, चारही बाजूंनी किमान 3 मीटर मोकळी जागा. नेटची उंची पुरुषांना 2.43 मीटर आणि बायकांना 2.24. मिक्स टीम असतील तर सरळ 2.24 ला बांधा, उंच नेटवर हौशी लोकांची मॅच म्हणजे नुसत्या सर्व्हिसा अडकत राहतात, रॅली होतच नाही. बॉल मात्र बीचचाच घ्या, यात काटकसर नको. त्यात हवा कमी असते, 0.175 ते 0.225 किलो प्रति चौरस सेंटीमीटर, इनडोअरच्या बॉलमध्ये 0.30 ते 0.325 असते, त्यामुळे इनडोअरचा बॉल वाळूवर उडतोही वेगळा आणि ओला झाला की मनगटं लाल करतो. दोन कोर्टांना चार बॉल आणि एक पंप.

सीमारेषेला चुना चालत नाही, पहिल्या डाइव्हलाच पुसला जातो. खाटेला विणतात ती नवार घ्या, रंग निळा किंवा लाल, रुंदी 5 सेंटीमीटरच्या जवळपास. ही आणि नायलॉनच्या दोऱ्या आपल्या बोहरी आळीत मिळून जातात, एक शनिवार दुपार त्यात घालवायची. कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकू नका, अनवाणी पाय त्याच्यावरच पडतो. नवारीच्या टोकाला दोरी, दोरीला लाकडाचा तुकडा आणि तो तुकडा वाळूत हातभर खोल पुरायचा.

खांबांवर मात्र जरा वेळ घालवा, कारण निम्म्या हौशी टूर्नामेंटचं नेट दुसऱ्या सेटला पोटात लोंबायला लागतं. वाळूत तीन फूट खड्डा करून बांबू उभा केला की आपल्याला वाटतं घट्ट बसला, पण नेट ताणलं की दोन्ही बांबू एकमेकांकडे वाकतात. यावर उपाय म्हणजे रिकामी पोती न्यायची. पोत्यात वाळू भरा, तोंड बांधा, बांबूच्या वरच्या टोकाची दोरी पोत्याच्या कमरेला बांधा आणि ते पोतं बांबूपासून दीड-दोन मीटर बाहेरच्या बाजूला दोन फूट खोल आडवं पुरून वर वाळू तुडवा. प्रत्येक बांबूला अशी दोन पोती, व्हीच्या आकारात. वरचं वजन दोरीला सुटू देत नाही, चौघांनी लोंबकळलं तरी हलत नाही (लोंबकळू देऊ नका). बांबूला खालून माणसाच्या उंचीपर्यंत जुनी गादी किंवा फोम गुंडाळा.

कोर्टाची दिशा कोणी बघत नाही आणि मग संध्याकाळी एका टीमच्या डोळ्यात सूर्य. आपला किनारा साधारण उत्तर-दक्षिण आहे, तर 16 मीटरची बाजू पाण्याला समांतर ठेवा, म्हणजे ऊन आणि वारा दोन्ही टीमना बाजूनं लागतं. सकाळी वारा जमिनीकडून येतो, मतलई, आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा. तरीही थोडा फरक राहतोच, म्हणून दर 7 पॉइंटनी बाजू बदलायचा नियम आहे, तो पाळा. 15 च्या सेटमध्ये दर 5 ला.

आता ते उधाणाचं. शनिवारी दुपारी पोचलात की भरती उतरताना काड्या-शेवाळाची एक रेघ किनाऱ्यावर राहिलेली दिसेल, पाणी तिथवर येतं. वरची कोरडी वाळू बहुतेक ठिकाणी अरुंद असते, तिथे टपऱ्या, होड्या असतात, म्हणून कोर्ट रेघेला लागून थोडं खाली आखावं लागतं. पण रात्री 1 च्या सुमारास पाणी परत तिथेच येणार. त्यामुळे संध्याकाळची शेवटची मॅच झाली की नेट, नवार, खुर्च्या सगळं वर आणायचं, बांबूंना पांढरं फडकं बांधून ठेवायचं आणि सकाळी दोऱ्या परत ताणायच्या. कोर्ट आखायच्या आधी सगळ्यांनी एका रांगेत हळूहळू चालून वाळू बघा, काच, शिंपल्यांचे तुकडे, जाळ्याच्या दोऱ्या निघतातच. एखादा पंजा (वाळू ओढायचं दाताळं) न्या.

फॉरमॅट. नॉकआऊट ठेवू नका हो, माणूस पहाटे उठून ताम्हिणी उतरून आलाय आणि वीस मिनिटांत बाहेर, मग तो दिवसभर पाण्यात जातो आणि आपलं टेन्शन वाढवतो. आठ टीम, चारचे दोन गट, गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी, म्हणजे 12 मॅचेस, मग दोन सेमी आणि फायनल, एकूण 15. गटातली मॅच 21 चा एकच सेट, दोनच्या फरकानं, मध्ये बदलाबदली धरून अर्धा तास पकडा. दोन कोर्टांवर शनिवारी पावणेचार ते सव्वासहा 10 मॅचेस होतात, तेवढ्यात सूर्य बुडतोच. उरलेल्या दोन आणि सेमी रविवारी सव्वासातपासून, फायनल बेस्ट ऑफ थ्री, तिसरा सेट 15 चा. साडेदहाला सगळं संपलं पाहिजे.

ऑलिम्पिकला दोघंदोघं खेळतात, आपण चौघं खेळू या, अधिक दोन राखीव. दोघांत अख्खं कोर्ट सांभाळायला वाळूत जी दमछाक होते ती बघवत नाही. मिक्समध्ये कोर्टात किमान दोन बायका हव्यातच असं लिहून टाका, नाहीतर नावाला एक घेऊन कोपऱ्यात उभी करतात. बीचच्या नियमात ब्लॉकला लागलेला हात तीन टचमधला एक धरतात आणि बोटांनी हलकेच टिप टाकलेली चालत नाही. हे ठेवायचं की सोडायचं ते आधीच ठरवून एका पानावर छापा. गुण सारखे झाले तर आधी आपसातली मॅच, मग पॉइंटचा फरक, हेही त्याच पानावर. रेफरी म्हणून त्या वेळी न खेळणाऱ्या टीमचे दोघं. त्यांना शिव्या पडल्या की पुढच्या मॅचला तेच खेळाडू असतात, त्यामुळे भांडण आपोआप कमी होतं.

हरलेल्या लोकांसाठी बाजूच्या ओल्या, घट्ट वाळूवर टाचेनं रेघ मारून चार-चारची कबड्डी किंवा रस्सीखेच. पुष्कळदा हीच जास्त रंगते.

पैसे आधी. "येतो" याला किंमत नाही, यूपीआय आला तरच नाव यादीत, आणि परत मिळणार नाही हे पहिल्याच मेसेजमध्ये. जेवणाचा आकडा काकूंना आदल्या रात्रीच कळवायचा, मासे किती आणि शाकाहारी किती, कारण त्या सकाळी बाजारात जातात. पाणी पन्नास माणसांना दिवसाला माणशी चार लिटर धरलं तर 20 लिटरचे दहा जार, शिवाय ओआरएस आणि कोकम सरबत. बक्षीस म्हणून ट्रॉफीपेक्षा कोकम आगळ, फणसपोळी असलं काहीतरी द्या, घरी गेल्यावर घरच्यांचा राग तेवढाच उतरतो.

आणि हे मात्र गंमतीत घेऊ नका. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली 14 मुलं बुडाली. आपण वाळूत खेळायला चाललोय, पोहायला नाही, हे बसमध्ये बसायच्या आधी सांगा. पाण्यात जायचं तर भरती चढत असताना, गुडघ्यापर्यंत, जोडीनं. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा अजिबात नाही. नेमकं आपल्या मॅचेसच्या वेळी ओहोटी असते, म्हणून एक माणूस फक्त पाण्याकडे पाठ न करता उभा ठेवा, त्याला मॅच नाही, काही नाही, दर तासाला बदलायचा. शनिवारी रात्री ज्यांची बैठक बसणार त्यांना सकाळी टीममध्ये घेणार नाही असं आधीच जाहीर करा आणि खरंच घेऊ नका. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे आणि गाडी कोण काढणार हे त्याच नियमांच्या पानाच्या मागे छापा. घोटे मुरगळतातच, बर्फ आणि क्रेप बँडेज लागणारच.

शनिवारी पहाटे 5 ला चांदणी चौक सोडा, पौडला चहा, म्हणजे नाश्त्याचा थांबा धरूनही अकरा-साडेअकराला दिवेआगर. रविवारी फायनल झाली की बांबूंचे खड्डे बुजवायचे, पोती रिकामी करून घ्यायची (वाळूत सोडून येऊ नका), कचरा पिशव्या ग्रामपंचायत सांगेल तिथे, आणि जेवून 1 ला निघायचंच. 3 ला निघालात तर मुळशीपासून चांदणी चौकापर्यंत रात्री 9 वाजेपर्यंत रांगेत बसून राहाल, आणि तेवढ्यात ग्रुपवर पुढच्या वर्षीच्या तारखेवरून भांडण सुरू झालेलं असेल.