कोना कॉफी बिघडते कुठे? या चुका टाळा

मावसबहिणीने हवाईच्या बिग आयलंडवरून कोना कॉफीचं पाकीट आणलं. मी ते भर जुलैत डोंबिवलीत फोडलं, बिया स्टीलच्या डब्यात ओतल्या आणि डबा शेगडीशेजारच्या फळीवर ठेवला. तीन आठवड्यांत कॉफीला सादळलेल्या शेंगदाण्यांचा वास यायला लागला.

कोनाचं नाव निघालं की लोक ज्वालामुखीच्या मातीचे गोडवे गातात. कोना म्हणजे बिग आयलंडचा पश्चिम भाग; तिथे हुआलालाई आणि मौना लोआ या ज्वालामुखींच्या पश्चिम उतारांवर १८२८ पासून कॉफी आहे, दुपारी ढग येऊन फुकटची सावली देतात, हे सगळं खरंच. पण माती जे देते ते घालवतं बहुतेक वेळा पाणी. बागेपासून आपल्या फडताळापर्यंत हाच घोळ.

झाड मलूल दिसलं की नळी सोडू नका

लाव्ह्याच्या जमिनीत पाणी थांबत नाही, त्यामुळे झाड सुकलं की पहिला संशय तहानेवर जातो. आधी एक मूळ उकरून बघा. मुळं सुजलेली, गाठाळलेली दिसली तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या, मुळं पोखरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचा उद्योग आहे. कोनात या कृमीची एक जात इतकी माजलेली आहे की तिच्या शास्त्रीय नावातच कोना आहे. मग कितीही पाणी पाजा, झाड उठत नाही. खरा इलाज लागवडीच्याच वेळी करायचा असतो: लायबेरिका या वेगळ्या कॉफी-जातीच्या गटातल्या ‘फुकुनागा’ खुंटावर अरेबिकाचं, म्हणजे कोनाच्या नेहमीच्या कॉफीचं कलम.

फळं भरपूर आणि फांद्यांची टोकं मात्र वाळलेली, असं दिसलं तर झाडाने झेपेल त्यापेक्षा जास्त बहर धरलाय. छाटणी करायला जीव होत नाही म्हणून ही वेळ येते.

भुंगेऱ्याला तोडणीनंतर थारा देऊ नका

२०१० मध्ये कोनात फळ पोखरणारा भुंगेरा सापडला. जेमतेम दीड मिलिमीटरचा. मादी फळाच्या बेंबीतून आत शिरते आणि बीमध्ये अंडी घालते. त्यावर ब्यूवेरिया ही कीटकांना मारणारी बुरशी फवारतात, पण मादी दारात असेपर्यंतच तिचा उपयोग. बीमध्ये शिरली की फवारा वाया. शिवाय ही बुरशी जिवंत असते, कडक उन्हात मरते, म्हणून भर दुपारी फवारणी करणं म्हणजे पैसे उधळणं. सगळ्यात महाग चूक मात्र आळसाची आहे. हंगाम संपल्यावर झाडावर आणि खाली राहिलेली वाळकी फळं वेचली नाहीत, तर पुढच्या हंगामाचे भुंगेरे आपणच सांभाळले म्हणायचे.

तांबेरा हा पानांवरचा बुरशीचा रोग हवाईत २०२० मध्ये आला. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसते, तेव्हा पानं उलटून बघायची सवय ठेवा.

तोडलेली फळं रात्रभर पोत्यात? नकोच

पोतं आतून तापतं आणि फळं तिथेच आंबायला लागतात. तोडलं त्याच दिवशी साल-गर काढायचा. त्याआधी फळं पाण्यात सोडा. तरंगतात ती पोकळ किंवा किडकी, ती बाजूला करा. गर काढल्यावर बीवर बुळबुळीत थर राहतो. तो सुटावा म्हणून बिया साधारण १२ ते २४ तास टाकीत आंबवतात. खाली उष्ण हवेत लवकर होतं, वर गारव्यात उशीर लागतो. म्हणून घड्याळ बघून टाकी रिकामी करू नका. मूठभर बिया घेऊन चोळा. बुळबुळ जाऊन बारीक खड्यांसारखी करकर लागली की लगेच धुवा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास सुटला तर उशीर झालाय, आणि तो वास भाजूनही जात नाही.

पुढचं काम आपल्या आयांना कोणी शिकवायला नको: वाळवण. जपानी वस्तीकरांनी कोनात ‘होशिदाना’ आणली, म्हणजे रुळांवर सरकणारं छप्पर असलेला वाळवणाचा माळा. ऊन असलं की छप्पर सरकवायचं, पावसाचा थेंब दिसला की ओढून घ्यायचं. बियांचा थर पातळ हवा, दिवसातून अनेकदा हात फिरवायला हवा. ओलावा ९ ते १२ टक्क्यांवर आला की थांबा. दातांखाली धरून अंदाज घेणारे जुने लोक आहेत, पण ओलावा मोजायचं यंत्र घ्या. अर्धी वाळलेली बी पुन्हा भिजली तर बुरशी धरते. कुरडया भिजल्या की काय होतं ते आठवा.

वाळलेली बी विक्रीपर्यंत टरफलासकटच ठेवा, ते तिचं चिलखत आहे. पोती थेट सिमेंटच्या जमिनीवर नकोत, खाली फळ्या हव्यात. नाहीतर हिरवट बी पांढुरकी पडते आणि कॉफीला लाकडासारखी चव येते.

घेताना आणि घरी

‘कोना ब्लेंड’ म्हणजे कोना नव्हे. हवाईच्या कायद्यानुसार अशा मिश्रणात १० टक्के कोना असली तरी चालत आली आहे. २०२४ च्या दुरुस्तीने ही अट जुलै २०२७ पासून ५१ टक्क्यांवर जाईल. तो कायदा हवाईपुरताच, म्हणून बाहेर घेताना पाकिटावर ‘१०० टक्के कोना’ शोधा. कोनाची नुसती ‘स्टाइल’ किंवा ‘रोस्ट’ लिहिलेलं असेल तर पाकीट परत ठेवा.

घरी फ्रिज टाळा. कॉफी कालच्या आमटीचा वासही ओढून घेते. रोजच्या वापरापुरती बी हवाबंद बरणीत, उजेड आणि शेगडीपासून लांब ठेवा. दळायची ती प्यायच्या वेळी. उरलेल्या बियांच्या आठवड्याला पुरतील एवढ्या पुड्या करून, हवा काढून, फ्रीझरमध्ये टाका. पुडी बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर मुंबईची दमट हवा गार बियांवर पाणी होऊन बसते. मी आता पुडी रात्रीच ओट्यावर काढून ठेवते.