चेस्की क्रुमलोव्ह कमी खर्चात कसं पाहावं

सकाळी प्रागहून बसने निघा, क्रुमलोव्हमध्ये चार तास फिरा आणि रात्री परत प्रागला झोपायला या, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो मानू नका. जाऊन-येऊन सहा तास बसमध्ये जातात. तुम्ही पोहोचता त्याच वेळी इतर सगळ्या बसही तिथे रिकाम्या होत असतात, आणि प्रागमधल्या रिकाम्या खोलीचं भाडं चालूच असतं. चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमिया भागातलं हे गाव व्लतावा नदीच्या वळशात बसलेलं आहे. जुना भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा मिनिटांत चालून होतो. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर तो जवळजवळ तुमचाच असतो. त्या वेळेला पैसे पडत नाहीत, फक्त तिथे मुक्काम हवा. दोन रात्री पुरेत.

महिना आणि वार

मे, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडा. किल्ल्यातलं जुनं नाट्यगृह फक्त मे ते ऑक्टोबर पाहता येतं, म्हणून हिवाळ्यातल्या स्वस्त तिकिटावर भाळू नका. जुलै-ऑगस्टमध्ये भाडी चढतात आणि गल्ल्या तुंबतात. जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आगेमागे, पाच पाकळ्यांच्या गुलाबाचा उत्सव असतो. पोशाख आणि मिरवणुका सुंदर असतात, पण त्या दिवसांत जुन्या गावात शिरायलाही तिकीट लागतं आणि खोली मिळणं मुश्कील होतं. कमी खर्चात जायचं तर तो आठवडा सोडा.

वाराच्या बाबतीत सरळ सांगतो : सोमवारी दुपारी पोहोचा, मंगळवारी किल्ला पाहा, बुधवारी निघा. सोमवारी किल्ल्यातली दालनं बंद असतात, त्यामुळे पुष्कळ लोक तो दिवस टाळतात. तुम्ही तो फुकटातल्या गोष्टींसाठी वापरा. शनिवारची रात्र मात्र अजिबात घेऊ नका. सर्वांत महाग तीच असते.

व्हिसा

‘ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते त्याचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) काढा’ हा सल्ला घातक आहे. जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. दहा दिवसांत प्राग, क्रुमलोव्ह आणि फार तर आणखी एक चेक गाव एवढंच ठेवलं, तर अर्जही सोपा होतो आणि खर्चही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत १५ दिवस आधीची आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका, दोन-तीन महिने आधी करा. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. खोल्या रद्द करता येतील अशा घ्या. अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. नियमित जमा होणारा पगार त्याहून जास्त उपयोगाचा असतो.

खोली

मोठं हॉटेल नको, पेन्झिओन बघा. घरगुती लॉजला तिथे हा शब्द आहे, आणि नाश्ता बहुधा भाड्यात येतो. चौकातल्या खोलीऐवजी नदीपलीकडच्या प्लेशिवेत्स भागात किंवा लात्रान रस्त्याच्या वरच्या टोकाला घेतली तर भाडं उतरतं आणि चालणं दहा मिनिटांनी वाढतं. पेन्झिओनचा स्वागतकक्ष संध्याकाळी लवकर बंद होतो, म्हणून पोहोचण्याची वेळ आधी ईमेलने कळवा. प्रौढांना माणशी दर रात्री थोडा स्थानिक कर वेगळा भरावा लागतो. कायद्याने तो ५० कोरुनांपर्यंत असू शकतो.

रस्ते गोट्यांचे आहेत. चाकांची मोठी बॅग त्यावर ओढत नेणं हा छळ आहे, पाठीवरची बॅग घ्या.

पोहोचणं

मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे प्राग. विमानतळावरून ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीनपर्यंत, तिथून मेट्रोची ए लाइन मूस्तेकपर्यंत, मग बी लाइनने आंद्येल. तिकीट पिवळ्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड जागेवर होतो. आंद्येलच्या वरच ना क्निझेत्सी बसस्थानक आहे. क्रुमलोव्हची बस तिथून तीन तासांच्या आत-बाहेर पोहोचते. जागा आधी ऑनलाइन राखून ठेवा. रेल्वेने बहुतेक वेळा चेस्के बुद्येयोवित्सेला गाडी बदलावी लागते आणि क्रुमलोव्हचं स्टेशन गावाबाहेर वर टेकडीवर आहे, म्हणून बसच बरी.

खोली लात्रानच्या बाजूला असेल तर मुख्य स्थानकापर्यंत न जाता श्पिचाक थांब्यावर उतरा. वेशीतून आत शिरलं की उताराने थेट किल्ल्याच्या पायथ्याशी येता.

कोरुना : पैसे खरे गळतात ते इथे

विमानाच्या तिकिटावर दोन हजार वाचवायला महिनाभर खपणारे लोक चेक देशात कार्डाच्या यंत्रावर एका बटणात ते घालवतात. हा भाग सावकाश वाचा.

चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, पण चलन युरो नाही. तिथे कोरुना चालतो, आणि एक कोरुना साधारण चार रुपयांचा धरा. काही दुकानं युरो घेतात, पण दर त्यांचा आणि सुटे परत मिळतात कोरुनात. ‘युरोप म्हणजे युरो, सगळे इथूनच बदलून न्या’ असं सांगणाऱ्याचं ऐकलंत तर तुम्ही दोनदा पैसे बदलता : रुपयांचे युरो, मग युरोंचे कोरुना. दोन्ही वेळा फरक तुमच्या खिशातून जातो.

फॉरेक्स कार्डाचीही, म्हणजे परकी चलन आधीच भरून नेण्याच्या कार्डाचीही, हीच गत. आपल्याकडच्या बहुतेक बहुचलनी कार्डांत युरो, डॉलर, पौंड असतात, कोरुना नसतो. युरो भरलेलं कार्ड क्रुमलोव्हमध्ये वापरलं की परकी चलन बदलण्याचं शुल्क पुन्हा लागतं. कार्ड घेण्याआधी चलनांची यादी बघा, बँकेतल्या माणसाच्या ‘सगळीकडे चालतं’ यावर थांबू नका. चालतं, पण कितीला ते विचारा.

नेहमीच्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहारासाठी बँका साधारण २ ते ३.५ टक्के घेतात, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. हे शुल्क शून्य किंवा अगदी कमी असलेली कार्डं भारतात मिळतात. असं एक कार्ड निघण्याच्या दोन महिने आधी काढणं ही या सहलीतली सर्वांत फायद्याची तयारी. सोबत वेगळ्या नेटवर्कचं दुसरं ठेवा, एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड. रुपे कार्डावर विसंबू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. दुकानातलं यंत्र, एटीएम, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं यांची बटणं वेगवेगळी असतात. चारही चालू करा. एकच करून निघालात तर विमानतळावरच्या एटीएमसमोर अडकाल. ओटीपी भारतीय नंबरवरच येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू ठेवा.

आता ते बटण. जेवणाचं बिल देताना यंत्र विचारतं : कोरुनात द्यायचे की रुपयांत? रुपये ओळखीचे, आकडा लगेच समजतो, म्हणून हात तिकडे जातो. रुपये निवडले की दर तुमची बँक ठरवत नाही, यंत्रामागची कंपनी ठरवते, आणि त्यात शंभरामागे पाच ते दहा रुपये सहज जातात. वर आपली बँकही शुल्क लावू शकते. दोन रात्रींच्या २,५०० कोरुनांच्या बिलावर म्हणजे दहाएक हजार रुपयांवर आठ टक्के धरले तर आठशे रुपये होतात. एका माणसाचं दुपारचं जेवण त्या बटणात गेलं. कायम कोरुना निवडा. कधी वेटर स्वतःच बटण दाबून यंत्र पुढे करतो. पिन घालण्याआधी पडद्यावर सीझेडके (CZK, म्हणजे चेक कोरुना) ही अक्षरं आहेत का ते बघा. पावतीवर रुपये दिसले तर तिथेच ‘स्टॉर्नो’ म्हणा. व्यवहार रद्द करण्याला चेकमध्ये हाच शब्द आहे. तो रद्द करून पुन्हा कोरुनात घ्यायला लावा. टेबलावरून उठलात की संपलं.

एटीएमवर हाच सापळा आणखी फसवा असतो. रक्कम टाकली की पडद्यावर रुपयांतला दर येतो आणि खाली ‘स्वीकारा’ व ‘नाकारा’ अशी दोन बटणं असतात. नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत, असं वाटून लोक स्वीकारतात. नाकारल्याने फक्त त्यांचा दर नाकारला जातो. पैसे मिळतात, दर तुमच्या बँकेचा लागतो. यंत्र दुसऱ्यांदा विचारेल, दुसऱ्यांदाही नाकारा. पर्यटकांच्या गल्लीत भिंतीला एकटी टेकलेली यंत्रं टाळा, बँकेच्या शाखेचं एटीएम शोधा. चेस्का स्पोर्झितेल्ना किंवा कोमेर्च्नी बांका ही नावं ओळखून ठेवा. २,००० मागितले तर एकच मोठी नोट येऊ शकते आणि सकाळच्या बेकरीत ती कुणी मोडून देत नाही. १,९०० मागा, सुट्या नोटा येतात. क्रेडिट कार्डाने रोख काढू नका, व्याज त्याच दिवसापासून लागतं.

रोख बदलायचीच वेळ आली तर हे ठाऊक असू द्या : चेक कायद्यानुसार १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच खिडकीवर पावती दाखवून रद्द करता येतो. हा नियम २०१९पासून आहे. म्हणून पावती फेकू नका. बाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत असलेला दर बहुधा तुमच्यासाठी नसतो. पैसे पुढे करण्याआधी ‘माझ्या १०० युरोंचे नेमके किती कोरुना हातात देणार?’ हे कागदावर लिहून घ्या. रस्त्यात थांबवून चांगला दर देऊ करणाऱ्याशी बोलूसुद्धा नका.

दोघांना दोन दिवसांसाठी दीड-दोन हजार कोरुना रोख भरपूर झाले. स्वच्छतागृह, छोटे ठेले, स्थानिक कर यांना ते लागतात. बाकी सगळीकडे कार्ड चालतं. अडीअडचणीला १०० युरोंच्या नोटा वेगळ्या ठेवा.

किल्ला

सोमवारी संध्याकाळी किल्ल्याची अंगणं पाहून घ्या. ती चोवीस तास उघडी असतात आणि फुकट आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या अंगणामधल्या खंदकात अस्वलं पाळलेली असतात. भिंतींवरचे दगड नीट बघा : पुष्कळसे दगड नसून गिलाव्यावर काढलेला भास आहे. पुढे तीन मजली कमानींच्या उंच पुलावरून खाली गाव आणि नदीचा वळसा दिसतो. तिथून आणखी पुढे बाग आहे, तीही फुकट, पण फक्त एप्रिल ते ऑक्टोबर.

आतल्या फेऱ्यांना ठरावीक वेळ आणि ठरावीक भाषा असते. इंग्रजी फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून तिकीट भारतातूनच ऑनलाइन काढा. पैसे एकाच फेरीचे असतील तर नाट्यगृह घ्या. रोझम्बेर्क घराण्याने १३०२ ते १६०२ अशी तीनशे वर्षं इथे राज्य केलं, मग एगेनबर्ग आले, १७१९मध्ये श्वार्झेनबर्ग. नाट्यगृहाचं आजचं रूप १७६५-६६चं आहे. पडदे, लाकडी यंत्रणा, पोशाख सगळं मूळचं. दोर-चाकांनी अख्खं दृश्य बदलण्याची ती सोय एवढी शाबूत असलेली नाट्यगृहं युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. गट लहान असतो, जागा आधी संपतात.

दुसरी फेरी परवडत असेल तर मुख्य दालनांची. त्यात १६३८चा सोनेरी रथ आणि १७४८मध्ये रंगवलेलं मुखवट्यांचं दालन आहे. भिंतीवर रंगवलेली माणसं अंगावर येतील इतकी खरी वाटतात. मनोऱ्याला १६२ पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर सोडा. होर्नी रस्त्यावर संग्रहालयाशेजारच्या छोट्या बागेतून किल्ला समोरासमोर दिसतो, तोही फुकट, आणि सकाळचं ऊन त्यावर थेट पडतं.

जेवण

मुख्य जेवण दुपारी करा. कामाच्या दिवशी अकरा ते दोन ‘पोलेद्नी मेनू’ असतो : सूप आणि एक पदार्थ, गावकऱ्यांसाठी, दोनशे कोरुनांच्या आसपास. पाटी फक्त चेकमध्ये असेल तर तेच ठिकाण बरोबर. शाकाहारी असाल तर ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय हे सांगा, पण सूपचं पाणी हाडांचं असू शकतं, ते वेगळं विचारा. तळलेलं चीज म्हणजे ‘स्माझेनी सीर’ सगळीकडे मिळतं. बटाट्याचे ‘ब्राम्बोराक’ बिनमांसाचे असतात, मात्र कधी डुकराच्या चरबीत तळतात. ‘त्रदेल्निक’ नावाच्या गोल पावाची रांग सोडून द्या, तो पर्यटकांसाठी आहे आणि महाग आहे. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली घरून न्या.

निघताना

बुधवारी सकाळी सातला उठून किल्ल्याच्या पुलापर्यंत एक चक्कर मारा आणि मग बस पकडा. नाणी परत कुठेच बदलून मिळत नाहीत, ती बसस्थानकाजवळच्या बेकरीत संपवा. नोटा उरल्या तर पुन्हा युरो करत बसू नका, प्रागमधल्या शेवटच्या दुपारच्या जेवणाला वापरा.